बाबांची नऊ दिवसांची उचकी

बाबांना उचकी लागली ती एका शुक्रवारी, दुपारच्या जेवणाला. इंग्लंडमध्ये रीडिंगला आमच्याकडे येऊन त्यांना पाच आठवडे झाले होते. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो, म्हणून टेबलावर आम्ही तिघं होतो, मी, बायको आणि बाबा. मुलगी शाळेत होती. दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच उचकी आली. बायकोने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बाबा घोट घोट पाणी प्यायले, तरी उचकी थांबेना.

"कोणीतरी आठवण काढतंय, बाबा," बायको म्हणाली.

"आता तिकडे कोण राहिलंय आठवण काढायला," बाबा म्हणाले आणि हसले. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

बायकोही हसली. मला हसू आलं नाही. मी ताटातली भाजी संपवली, मीटिंग आहे म्हणालो आणि वर निघून गेलो. मीटिंगला अजून अर्धा तास होता.

ते का, हे सांगायचं तर मागे जावं लागेल. बाबा कराडला नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. पंपांची देखभाल त्यांच्याकडे असायची. पंप नुसता ऐकून कुठे बिघडलाय ते सांगायचे, असा त्यांचा लौकिक होता. पण संध्याकाळी ते कंत्राटदारांबरोबर बसायचे, आणि हळूहळू ते बसणं रोजचं झालं. त्यांनी कधी हात उगारला नाही की आरडाओरडा केला नाही. प्यायल्यावर ते अगदी गप्प व्हायचे, आणि त्यांना उचकी लागायची. साडेआठच्या सुमाराला फाटकाची कडी वाजायची आणि तिच्या पाठोपाठ उचकी ऐकू यायची. लहान असताना मी आईला एकदा विचारलं होतं, बाबांना रोज उचकी का लागते. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "त्यांची आठवण काढणारी माणसं खूप आहेत."

मी बरीच वर्षं ते खरं मानलं. आपले वडील इतक्या लोकांना हवेसे आहेत याचा मला अभिमानही होता. शाळेत मी ते एका मित्राला सांगितलं, आणि तो ज्या तऱ्हेने हसला त्यावरून मला काय ते कळलं. त्याचे वडील त्याच कंत्राटदारांपैकी एक होते.

मी बारावीत असताना बाबांची दारू सुटली. त्यावर घरात कधी एक शब्द निघाला नाही. आधी पिण्याबद्दल बोलायचं नसे, मग न पिण्याबद्दलही कोणी बोललं नाही. फाटकाची कडी साडेसहालाच वाजायला लागलीय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी पुण्याला इंजिनिअरिंगला जायच्या तयारीत होतो. नंतर नोकरी, लग्न, इंग्लंड. या सव्वीस वर्षांत मी त्यांच्याशी हवापाणी, माझा पगार, त्यांचे गुडघे, आईचं दुखणं या सगळ्यावर बोललो. त्या एका गोष्टीवर कधी बोललो नाही.

आई गेल्यावर मीच त्यांना आग्रह केला, सहा महिन्यांचा व्हिसा मिळतो, या आमच्याकडे. ते यायच्या आदल्या दिवशी मी डायनिंग रूमच्या काचेच्या कपाटातल्या बाटल्या काढून लॉफ्टमध्ये ठेवल्या. मी स्वतः शुक्रवारी संध्याकाळी एखादा पेग घेतो. बायको म्हणाली, अरे कशाला, त्यांनी सोडून किती वर्षं झाली. मी म्हटलं, उगाच समोर नको. बाबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कपाट पाहिलं. रिकाम्या फळीवर धुळीत गोल गोल खुणा उमटलेल्या होत्या. "इथे काहीतरी होतं वाटतं," ते म्हणाले. मी म्हटलं, फुलदाण्या होत्या. त्यांनी मान हलवली, खिशातून रुमाल काढला आणि ती फळी पुसून टाकली.

शुक्रवारची उचकी रात्रीपर्यंत राहिली आणि शनिवारी सकाळी पुन्हा होतीच. घरात उपाय सुरू झाले. बायकोने चमचाभर साखर दिली. मग श्वास रोखून वीसपर्यंत मोजायला सांगितलं. शेजारच्या इंग्लिश बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, ग्लासच्या पलीकडच्या कडेने, खाली वाकून पाणी प्यायचं, हमखास थांबते. बाबांनी बागेत उभं राहून तेही करून दाखवलं, पाणी नाकात गेलं, शर्ट भिजला, आणि शेवटी त्या बाईंनाच वाईट वाटलं. कराडहून आत्याचा फोन आला, सुंठ आणि गूळ पाण्यात उगाळून नाकात दोन थेंब सोडा, नाहीतर मोरपिसाची राख मधातून चाटवा. माझ्या मुलीकडे एक मोरपीस होतं, कुठल्याशा जुन्या मॅनर हाऊसच्या दुकानातून आणलेलं. ते जाळायचं म्हटल्यावर ती रडकुंडीला आली, तेव्हा बाबांनीच तो उपाय रद्द केला.

मुलगी आठ वर्षांची आहे, मराठी बोलते पण आपल्या पद्धतीने. "आजोबा, तुझा उचकी थांबला का?" असं ती दर तासाला विचारायची. बाबांनी तिला सांगितलं, तान्ह्या बाळाला उचकी लागली की कपड्याचा एक दोरा काढून त्याच्या कपाळाला चिकटवतात. तिने लगेच आपल्या स्वेटरचा लाल धागा काढला आणि थुंकी लावून त्यांच्या कपाळावर चिकटवला. दिवसभर बाबा तो लाल धागा कपाळावर घेऊन घरात वावरले.

त्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. बाबांना नेण्याचं कधीपासून ठरलं होतं. सकाळी ते म्हणाले, अशा उचक्या देत मी काय लोकांत बसू, तुम्ही जाऊन या. बायकोने खूप आग्रह केला. मी केला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तिथे कराडची दोन माणसं येणार होती, बाबांना ओळखणारी. त्यांच्यासमोर ही उचकी मला नको होती.

सोमवारी मी त्यांना जीपीकडे नेलं. तरुण डॉक्टर होती, शांतपणे ऐकून घेणारी. ती म्हणाली, एखाद्या दिवसाची उचकी म्हणजे काहीच नाही, पण दोन दिवसांच्या वर राहिली की कारण शोधावं लागतं. पोटातलं ॲसिड असेल, छातीत काही असेल, कधी हृदयाचं दुखणं असं उचकीच्या रूपाने येतं, कधी किडनीचं, कधी एखाद्या औषधाने होते. तिने ईसीजी काढला, रक्त घेतलं, पोट दाबून पाहिलं. मग विचारलं, ते दारू घेतात का?

प्रश्न तिने माझ्याकडे बघून विचारला होता, कारण मी दुभाष्याचं काम करत होतो. मी तो बाबांना मराठीत विचारायला हवा होता. मी परस्पर इंग्रजीत उत्तर दिलं, "ही यूज्ड टू. क्वाइट हेविली." बाबांचं इंग्रजी बोलण्यापुरतं नसलं तरी समजण्यापुरतं नक्की आहे. त्यांनी आपल्या शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं आणि खिडकीकडे पाहत बसले.

तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. डॉक्टरने उचकी दाबायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की त्यामुळे गुंगी येईल, तोल जाईल, जपा. गोळ्यांनी उचकी थोडी कमी झाली, थांबली नाही. बाबांचे डोळे मात्र जड दिसायला लागले. जिना उतरताना ते भिंतीला हात लावून उतरायचे. शब्द थोडे ओढत बोलायचे. त्यात बायकोने कुठेतरी वाचून त्यांना वेलदोडे चघळायला दिले होते.

वेलदोड्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. कराडला संध्याकाळी बाबा घरात शिरले की आधी उचकी यायची आणि मग वेलदोड्याचा वास. तो वास कशासाठी असतो हे मला आठवीत कळलं. आता पंचवीस-सव्वीस वर्षांनी माझ्याच घराच्या जिन्यात तोच वास, तीच उचकी, तेच जड डोळे. गोळ्यांचं कारण मला ठाऊक होतं. वेलदोडे माझ्याच बायकोने दिलेत हेही मला ठाऊक होतं. तरी मंगळवारी बाबा फिरायला गेले असताना मी त्यांच्या खोलीत गेलो आणि त्यांची बॅग उघडली. तळाशी आईची एक जुनी साडी घडी करून ठेवलेली होती. तिच्या घडीतही मी हात घालून पाहिला. काही नव्हतं. बुधवारी मी लॉफ्टची शिडी खाली ओढून वर जाऊन बाटल्या पाहिल्या. त्या होत्या तशाच होत्या.

बाबा रोज दुपारी फिरायला जायचे. आधी अर्ध्या तासात परत यायचे, त्या आठवड्यात दीड-दोन तास लावायला लागले. गुरुवारी मी ऑफिसहून लवकर निघालो. स्टेशनवरून बस आमच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा मला बाबा दिसले. ते कोपऱ्यावरच्या दुकानातून बाहेर पडत होते. छोटंसं दुकान, दूध-ब्रेड-पेपर मिळतो, आणि दारावर मोठ्या अक्षरात ऑफ-लायसन्स लिहिलेलं आहे, म्हणजे दारूही मिळते. बाबा दाराची चौकट धरून पायरी उतरले, एक क्षण थांबले आणि भिंतीच्या कडेने चालायला लागले.

मी त्यांच्या आधी घरी पोहोचलो. बायको मुलीला पुढच्या खोलीत वाचायला बसवत होती. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. मागच्या दाराने बाबा आत आले, कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. उचकी आली. वेलदोड्याचा वास आला. मी विचारलं, कुठे गेला होतात. ते म्हणाले, इथेच, कोपऱ्यावर. मी विचारलं, दुकानात काय काम होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते काहीतरी सांगायला लागले, पण प्रत्येक दोन शब्दांवर उचकी यायची, वाक्य तुटायचं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. मी ऐकून घेतलं नाही.

"बाबा, आता आई नाहीये तुमच्यावर पांघरूण घालायला," मी म्हणालो.

ते बोलायचे थांबले. उचकी थांबली नाही. त्या शांततेत ती दोनदा आली. मग ते दोन पावलं पुढे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"जवळ ये," ते म्हणाले. "वास घे."

मी तेव्हा मागे सरायला हवं होतं. नको बाबा म्हणायला हवं होतं, निदान मान खाली घालायला हवी होती. मी पुढे झालो. त्यांनी तोंड उघडलं, श्वास सोडला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या वडिलांच्या तोंडाचा मी वास घेतला. दारूचा वास नव्हता. वेलदोडा होता, आणि उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा आंबूस वास, कारण सात दिवसांत ते धड जेवले नव्हते.

एवढ्यावर तरी मी थांबायचं. मी म्हणालो, "वेलदोडा खाल्लाय तुम्ही."

बाबांनी खुर्चीवरचा कोट उचलला, घडी करून हातावर घेतला आणि जिन्याने वर गेले. पुढच्या खोलीच्या दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती फोन घेऊन बागेत गेली आणि तिने कॉव्हेंट्रीला आपल्या मावशीला फोन लावला.

ही मावशी लहान मुलांची डॉक्टर. पस्तीस-चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांमध्ये काम करून आता निवृत्त झालेली. एकटी राहते, बोलायला खणखणीत. शनिवारी सकाळी आम्ही सगळे गाडीने तिच्याकडे निघालो. शुक्रवारचा पूर्ण दिवस बाबा आपल्या खोलीत होते आणि मी माझ्या कामात होतो. गाडीत ते मागे नातीजवळ बसले. पूर्ण रस्ताभर उचकी ऐकू येत होती आणि मी रेडिओ लावला नाही, कारण उचकी झाकायला लावला असं वाटलं असतं.

मावशीने आम्हाला चहा दिला आणि बाबांसमोर खुर्ची ओढून बसली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. "तुम्हीच सांगा मला," ती बाबांना म्हणाली. "सावकाश सांगा, घाई नाहीये. हे सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत नवीन काय काय केलंत?"

असा प्रश्न नऊ दिवसांत त्यांना कोणी विचारला नव्हता. बाबांनी विचार केला. खाण्यापिण्यात नवीन काही नव्हतं. औषधं जुनीच होती. मग ते म्हणाले, आदल्या दिवशी केस कापून आलो.

ते मीच त्यांना घेऊन गेलो होतो. मंडळाच्या कार्यक्रमाला लोक भेटणार, आणि बाबांच्या कानांतून पांढऱ्या केसांचे झुपके बाहेर आलेले होते. मला ते बरे दिसत नव्हते. गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना आमच्या तुर्की न्हाव्याकडे नेऊन बसवलं आणि कानाकडे बोट दाखवून सांगितलं, हे सगळं काढा. त्याने कात्रीने काढलं, मग मशीन फिरवलं, आणि उरलेली लव जाळायला काडीला गुंडाळलेला पेटता बोळा कानांवर फटफट मारला. बाबा दचकले होते. मी आरशात बघून हसलो होतो.

"त्या दिवसापासून उजव्या कानात काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं," बाबा मावशीला म्हणाले.

बायकोने विचारलं, बाबा, मग सांगितलं का नाहीत. ते म्हणाले, उचकीचं चाललं होतं ना, कानाचं कोण विचारतंय.

मावशी उठली आणि ड्रॉवरमधून कान पाहायचा दिवा घेऊन आली. म्हणाली, लहान मुलं कुठे दुखतं ते सांगत नाहीत, म्हणून आम्ही सगळ्यांचे कान बघतोच, सवयच ती. तिने बाबांचा उजवा कान ओढून धरला आणि बराच वेळ आत पाहिलं. मग मला बोलावलं आणि दिवा माझ्या हातात दिला. आत, अगदी शेवटाला, फिकट पडद्यावर एक आखूड पांढरा केस आडवा पडलेला होता. त्याचं टोक पडद्याला टेकलं होतं.

तिने आम्हाला समजावून सांगितलं. मेंदूतून निघून घसा, छाती, पोट असं खाली जाणारी एक लांब नस असते. उचकीचा संबंध तिच्याशी असतो. तिचीच एक बारीक फांदी कानात येते. तिथे काहीतरी टोचत राहिलं की एखाद्याला खोकला येतो, आणि फार क्वचित उचकी लागते, ती काही केल्या थांबत नाही. असं मी एवढ्या वर्षांत एकदाच पाहिलंय, ती म्हणाली, कदाचित तेच असेल, कदाचित नसेल, पण तो केस काढून बघू. ती स्वतः चिमटा घालायला तयार नव्हती, पडद्याला इजा होईल म्हणाली. तिच्या ओळखीचं कान साफ करून देणारं एक क्लिनिक होतं. तिने फोन केला आणि दुपारी तीनची वेळ मिळाली.

तिथे मी बाबांबरोबर आत गेलो. एका मुलीने त्यांना खुर्चीत तिरकं बसवलं, कानात बारीक नळी घातली, आणि यंत्राचा सूं आवाज आला. दोन मिनिटंही लागली नाहीत. तिने नळी बाहेर काढली, टिश्यूवर टेकवली आणि आम्हाला दाखवलं. पापणीच्या केसापेक्षाही आखूड केस होता.

आम्ही वाट पाहिली. खोलीत घड्याळ नव्हतं, पण पाच मिनिटं तरी गेली असावीत. उचकी आली नाही. बाबांनी एक लांब श्वास घेतला, जपून, मध्येच तुटेल या भीतीने घेतल्यासारखा, आणि पूर्ण सोडला. मग ते उभे राहिले आणि त्या मुलीला हात जोडून म्हणाले, "थँक यू व्हेरी मच. यू आर व्हेरी काइंड." नऊ दिवसांतलं त्यांचं ते पहिलं सलग वाक्य होतं.

परतीच्या वाटेवर मोटरवेच्या सर्व्हिसेसला चहापाण्यासाठी थांबलो. बायको मुलीला घेऊन आत गेली आणि बाबा आणि मी गाडीजवळ उभे राहिलो. मी म्हणालो, "सॉरी, बाबा." मराठीत काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. माफ करा असं आपण भाषणात म्हणतो, बापाला कसं म्हणायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "तुझं काय चुकलं. तू लहानपणी जे ऐकलंस ते खरंच होतं ना. मग हेही तसंच वाटणार. ते माझंच आहे."

ते रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळाने, समोरच्या लॉरींकडे पाहत, त्यांनी विचारलं, "पण एक सांग. मी सोडली होती हे तुला माहीत होतं ना?"

"हो. माहीत होतं की."

"मला वाटायचं तुला कळलंच नाही," ते म्हणाले. "तू कधी काही बोलला नाहीस."

तेवढ्यात मुलगी चिप्स घेऊन धावत आली आणि तिने विचारलं, उचकी खरंच गेला का. बाबांनी तिला उचलून घेतलं आणि गेला म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी मला तिकीट पुढे-मागे करता येतं का विचारलं. व्हिसाचे साडेचार महिने शिल्लक होते. घराच्या गच्चीवरच्या टाकीचं काम पावसाआधी व्हायला हवं, असं कारण त्यांनी सांगितलं. बायकोने हरप्रकारे थांबवून पाहिलं. मी एकदाच म्हणालो, राहा ना बाबा, आणि ते म्हणाले, येईन की परत. त्याच आठवड्यात शनिवारी मी त्यांना हीथ्रोला सोडलं. आत जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडी हळू चालव म्हणाले.

ते गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार एक वयस्कर गुजराती गृहस्थ आहेत. त्यांनी हिंदीत विचारलं, फादर दिसत नाहीत. मी सांगितलं, गेले इंडियाला. ते हळहळले. म्हणाले, रोज दुपारी इथे गल्ल्यामागे माझ्याजवळ बसायचे. मी त्यांना आल्याचं गरम पाणी करून द्यायचो, उचकीला बरं म्हणून. ते म्हणायचे, घरात मुलाच्या ऑफिसच्या मीटिंगा चालतात, माझी उचकी तिकडे ऐकू जाते, त्याला अडचण होते, म्हणून इथे येऊन बसतो.

त्या सोमवारी, जीपीकडून आल्यावर, कॉल चालू असताना मी हाताने खूण करून त्यांना दार ओढून घ्यायला सांगितलं होतं. ते मला दुकानात आठवलं. मी दूध न घेताच घरी आलो.

याला आता तीन वर्षं झाली. बाबा परत आले नाहीत. दर उन्हाळ्यात मी बोलावतो, दर वेळी काहीतरी निघतं, गुडघे, आत्याच्या घरची पूजा, थंडी सोसत नाही. ते खोटं बोलत नाहीत, गुडघे खरंच दुखतात. मी वर्षातून एकदा जातो, दहा दिवस राहतो. बोलणं चांगलं होतं. ते मला पाणी कधी येतं, कुठल्या भागाला कमी दाबाने येतं, ते सगळं सांगतात.

गेल्या डिसेंबरमध्ये मी धीर करून फोनवर विचारलं, बाबा, तेव्हा तुम्ही ती सोडलीत कशी. मग ते म्हणाले, "तू बारावीत असताना मला कावीळ झाली होती, आठवतंय?"

मला आठवत होतं. मधल्या खोलीत ते पंधरा दिवस पडून होते. दार लोटलेलं असायचं. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन जायचे. घरात फोडणी बंद होती, दोन वेळ पेज आणि उकडलेल्या भाज्या. माझी परीक्षा तोंडावर होती, आणि ऐन अभ्यासाच्या दिवसांत हे काय लचांड म्हणून मी आईवर चिडलो होतो. एकदा ताट ढकलून उठलो होतो. मधल्या खोलीत मी एकदाही डोकावलो नाही. कावीळ लागेल म्हणून आईनेच जाऊ नको म्हटलं होतं, आणि मला ते बरंच वाटलं होतं.

"ती कावीळ नव्हती," बाबा म्हणाले. "हात इतके थरथरायचे की तुझी आई मला पेज भरवायची. तुझा आवाज बाहेरून ऐकू यायचा. पाठ करायचास ते."

मी विचारलं, मला तेव्हा का नाही सांगितलंत. ते म्हणाले, परीक्षा होती तुझी.

मी आणखीही विचारलं. पहिल्या दिवशी काय ठरवलं, आई काय म्हणाली, पुन्हा कधी इच्छा झाली का. ते म्हणाले, सगळं काही आता मलाही आठवत नाही, त्या पंधरा दिवसांतलं बरंचसं डोक्यातून गेलंय, तुझ्या आईला विचारलं असतंस तर तिने दिवसवार सांगितलं असतं. मग इकडचं तापमान किती म्हणून विचारलं. मी सांगितलं, चार. स्वेटर घालून बस, ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.